आत्याबाई दारातच जेवतात

घोडी दारातून आत जात नव्हती, एवढीच काय ती अडचण होती. पळण्याबद्दल तिची तक्रार नव्हती. पळायला लागली की कठड्याशी उभ्या असलेल्यांच्या टोप्या उडाव्यात अशी पळे. पण शर्यत सुरू होते ती एका लोखंडी चौकटीतून. तिला स्टार्टिंग गेट म्हणतात. एका घोड्याला एक अरुंद खण, त्याला मागून एक दार आणि पुढून एक. मागच्या दाराने आत जायचं, गप्प उभं राहायचं, आणि पुढची सगळी दारं एकदम धाडकन उघडली की सुटायचं. ह्यातलं ‘गप्प उभं राहायचं’ हे कलम घोडीला मान्य नव्हतं. ती खणाच्या तोंडाशी येई, चारही पाय रोवी, मान उंच करून आतली व्यवस्था न्याहाळी आणि मग आसपासच्या मंडळींकडे अशा नजरेने बघे, की त्यांना आपल्या जन्माची लाज वाटावी. म्हणून पागेत सगळे तिला आत्याबाई म्हणत. वय वर्षं चार. पण चेहऱ्यावरचा भाव असा, की ह्या घरात माझं कुणी कधी धड केलंच नाही.

गेटच्या परीक्षेत आत्याबाई दोनदा नापास झाल्या होत्या. तिसरी संधी शेवटची. त्यातही गेल्या, तर शर्यतीच्या पटावरून नाव कायमचं कमी. आणि पागेत घोडे मोजून तीन. आत्याबाई, एक खोकणारा तरुण घोडा, आणि एक तपकिरी म्हातारा, जो कायम पाचवा येई. सहा घोडे पळोत की सोळा, हा पाचवाच. नियम असा होता, की पात्र घोडे तीनपेक्षा कमी झाले तर मालकाचा प्रशिक्षक म्हणून असलेला परवाना रद्द होतो. म्हणजे आत्याबाई दारात अडल्या, की अख्खी पागाच दारात अडणार होती.

आता ही पागा सासरेबुवांची. एकेचाळीस वर्षं ते घोडे तयार करत होते. ह्या काळात घोड्यांनी त्यांना पाडलं, चावलं, एकदा तर पाण्याच्या हौदात नीट बसवून ठेवलं. पण खुब्याचं हाड मोडलं ते भिंतीवरचं घड्याळ मागे पडतंय म्हणून स्टुलावर चढले तेव्हा. डॉक्टरांनी हाड बसवलं, वॉकर आणून दिला आणि सांगितलं, की आता उठून चालायला काहीच हरकत नाही. हरकत सासरेबुवांची होती. त्यांनी पलंग खिडकीशी ओढून घेतला, तोंड पागेकडे केलं आणि मुलीला सांगितलं, “परवाना राहिला तर उठीन. नाहीतर उठून जायचं कुठं?”

मुलीने हे आपल्या नवऱ्याला सांगितलं, आणि अशा रीतीने आपले जावईबुवा ह्या गोष्टीत आले.

जावईबुवा पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क. त्यांच्या हातून गेलेला कागद परत आला असं सव्वीस वर्षांत घडलं नव्हतं; त्यांच्याकडे आलेला कागद मात्र हमखास परत जाई. माणूस सज्जन. घोड्यांशी संबंध लग्नाच्या दिवशी आला तेवढाच, आणि तोही एका घोड्याने त्यांच्या नव्या कोटाची बाही चघळली म्हणून. बायको ह्या पागेतच वाढलेली. तिला घोड्याचा नुसता कान बघून त्याचं पोट कळे. पण ती शाळेत शिक्षिका, तिथे परीक्षा चालू होत्या, ती सकाळी सातला बाहेर पडे. तेव्हा जावईबुवांनी चाळीस दिवसांची अर्जित रजा काढली. कचेरीत कारण लिहिलं: ‘कौटुंबिक (घोडी)’.

सासरेबुवांनी बावीस वर्षांत जावयाशी थेट संवाद असा केला नव्हता. राग वगैरे काही नाही. कोटाच्या प्रसंगी जावईबुवा जे किंचाळले, त्यावरून हा माणूस आपल्या कामाचा नाही असं त्यांचं मत झालं आणि ते बदलायला पुढे काही कारण घडलं नाही. जे बोलायचं ते मुलीतर्फे. जावईबुवा समोरच्या खुर्चीत बसलेले असले, तरी म्हणत, “अगं, ह्यांना सांग, गवत ओलं आलंय.” मग ती म्हणे, “अहो, गवत ओलं आलंय.” मग जावईबुवा म्हणत, “बघतो म्हणावं.” कचेरीत कागद असेच वरून खाली आणि खालून वर जातात, त्यामुळे त्यांना ह्यात वावगं वाटत नसे. वाईट मात्र वाटे.

पहिल्या आठवड्यात जावईबुवा पहाटे पाचला उठायला शिकले. घोड्याच्या पायांना हात लावून ऊब बघायला शिकले. ऊब लागली तर पाय बिघडलाय, नाही लागली तर आपला हात बिघडलाय, हे मोतद्दाराने त्यांना समजावलं. मोतद्दार म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, पागेतला सर्वांत जुना माणूस. घोड्यांशी तासन्‌तास बोलायचा आणि माणसांशी गरजेपुरतं. खराऱ्याचा ब्रश कुठल्या दिशेने फिरवायचा, ओटात कोंडा किती घालायचा, हेही जावईबुवा शिकले. एकच गोष्ट त्यांना शेवटपर्यंत जमेना. त्यांना घोड्याकडे पाठ करता येईना. बारा मण वजनाचं जनावर आपल्या पाठीशी उभं आहे आणि ते काय करतंय हे आपल्याला दिसत नाही, ही कल्पना त्यांना ऑडिटसारखी वाटे. त्यामुळे घोडी बाहेर काढायची तर ते लगाम धरून उलटे चालत. तोंड घोडीकडे, पाठ जगाकडे. दोनदा बादलीत पडले, एकदा खोकणाऱ्या घोड्यावर आपटले. घोडा खोकायचा थांबून त्यांच्याकडे बघत राहिला.

“साहेब, सरळ चाला की,” मोतद्दार म्हणाला. “ती काय तुमचा खिसा कापणार आहे?”

“सवय होते आहे,” जावईबुवा म्हणाले.

“कुणाला? तिला उलटं चालणारा माणूस बघायची झाली खरी.”

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी योजना मांडली. मैदानावरचं गेट सरावाला फक्त मंगळवारी मिळे, तेही वीस मिनिटं. तेव्हा पागेच्या अंगणातच आपलं गेट उभारावं. त्यांनी रीतसर टिपण तयार केलं: प्रस्तावना, आवश्यकता, अपेक्षित लाभ. टिपण सासऱ्यांना वाचून दाखवलं, म्हणजे बायकोला वाचून दाखवलं. सासरेबुवा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, “करू देत म्हणावं. हात-पाय सांभाळून.”

वेल्डरने लोखंडी नळ्यांची चौकट केली. पुढच्या दारांचा प्रश्न होता. भंगारवाल्याकडे मोडीत निघालेल्या एका कचेरीतली झुलती दारं मिळाली. छान सागवानी, छातीइतक्या उंचीची, आणि त्यांवर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं: ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’. जावईबुवांना ती दारं बघून घरच्यासारखं वाटलं. आत्याबाईंना मात्र मजकूर पटलेला दिसला. त्या चौकटीपाशी आल्या, दारांकडे बघितलं आणि परवानगी मिळेपर्यंत थांबायच्या तयारीने उभ्या राहिल्या.

इथून शेजाऱ्यांचा सल्ला सुरू झाला. पागेच्या भिंतीला लागूनच निवृत्त प्राचार्यांची बाल्कनी होती. तिथून अंगण असं दिसे, की त्यांनी वर्तमानपत्र घेणं बंद केलं. प्राचार्य म्हणाले, “हा भीतीचा नाही, स्वाभिमानाचा प्रश्न आहे. तिला वाटलं पाहिजे, की आत जाणं ही तिचीच कल्पना आहे. तुम्ही दुर्लक्ष करा.” जावईबुवांनी दोन दिवस दुर्लक्ष केलं. घोडीनेही केलं. मग ते म्हणाले, “आरसा लावा.” आरसा लावला. आत्याबाईंना आरशात दुसरी घोडी आधीच आत गेलेली दिसली आणि त्या इतक्या रागावल्या, की आरसा काढून त्यांना गाजर द्यावं लागलं.

समोरच्या इमारतीत दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्या दोन पेशंटांच्या मध्ये गॅलरीत येऊन उभ्या राहत. त्या म्हणाल्या, “अहो, माझ्या खुर्चीत कुणी खुशीने बसतं का? मी लहान मुलांना पहिल्या दिवशी खुर्चीत बसवून नुसती गोष्ट सांगते. दुसऱ्या दिवशी चित्रं. चौथ्या दिवशी पोरगं स्वतःहून तोंड उघडून बसतं. जागा आवडली पाहिजे. तुमच्या घोडीला काय आवडतं?”

“जेवण,” जावईबुवा म्हणाले.

“झालं तर मग.”

जावईबुवांनी त्याच संध्याकाळी आदेश काढला: यापुढे आत्याबाईंचं सर्व खाणं गेटमध्ये. सकाळचं, दुपारचं, संध्याकाळचं. पुढच्या दाराशी जावईबुवा स्वतः तोबरा घेऊन उभे राहत. घोड्याच्या तोंडाला अडकवायची ती खाण्याची पिशवी. तीत ओट, कोंडा, वर किसलेलं गाजर. पहिल्या दिवशी आत्याबाईंनी मान लांब करून बाहेरूनच खाल्लं. तिसऱ्या दिवशी एक पाय आत. सहाव्या दिवशी चारही. जावईबुवा तोबरा धरून तिच्या तोंडाकडे बघत बसत आणि हळूहळू बोलू लागले. आधी घोड्यांबद्दल, मग कचेरीबद्दल. बढती कशी हुकली ते त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं, ते घोडीला सांगितलं. तिने एका जागी चावणं थांबवलं. जावईबुवांना भरून आलं.

खिडकीतून सासरेबुवा हे बघत होते. मुलीला म्हणाले, “ह्यांना सांग, घोडी दारात जेवत नसते.”

तिने सांगितलं. जावईबुवांना वाटलं, हा शिष्टाचाराचा मुद्दा आहे. त्यांनी निरोप पाठवला, “परीक्षा झाली की पंगत आत हलवू.”

दोन दिवसांनी बांधकाम खात्याचे निरीक्षक आले. विनापरवाना बांधकामाची तक्रार होती. कुणी केली ते त्यांनी सांगितलं नाही, पण प्राचार्य त्या दिवशी बाल्कनीत आले नाहीत.

“हे काय आहे?” निरीक्षकांनी विचारलं.

“दार.”

“कशाचं?”

“कशाचंच नाही. नुसतं दार.”

“नुसतं दार नसतं साहेब. दार भिंतीला असतं. भिंत दाखवा.”

“भिंत नाहीये.”

“म्हणजे पाडली?”

“नव्हतीच.”

निरीक्षकांनी लिहून घेतलं: ‘भिंत आढळली नाही’. मग म्हणाले, “अर्ज करा.”

जावईबुवा आनंदले. अर्ज हा त्यांचा प्रांत. त्यांनी असा अर्ज लिहिला, की वाचणाऱ्याने उठून उभं राहावं. तो घेऊन खात्यात गेले, लाकडी बाकावर दीड तास बसले आणि खिडकीतल्या कोवळ्या कारकुनाने तो अर्ज त्यांच्या डोळ्यांदेखत परत केला. समासात लिहिलं होतं, ‘दाराचे प्रयोजन? खुलासा करावा.’ ‘खुलासा करावा’ हे दोन शब्द जावईबुवांनी स्वतः सव्वीस वर्षांत हजारो लोकांना लिहून दिले होते. आज ते उलट बाजूने वाचताना, स्वतःच्या पोराने रस्त्यात ओळख न दाखवता निघून जावं तसं त्यांना वाटलं. त्यांनी खुलासा केला. मग नकाशा मागितला गेला. मग भिंतीची जाडी. “शून्य लिहू का?” त्यांनी विचारलं. “शून्य जाडीची भिंत नियमात बसत नाही,” कारकून म्हणाला. “आणि परिच्छेदांना क्रमांक नाहीत तुमच्या.” हा घाव वर्मी बसला. क्रमांक खरंच राहिले होते.

शेवटी निरीक्षकांनाच दया आली. जिन्यात गाठून म्हणाले, “साहेब, चाकं लावा. चाकं लागली की ती हातगाडी. हातगाडी आमच्याकडे येत नाही.”

वेल्डरने चौकटीला चार चाकं लावली. चाकं दवाखान्यातल्या मोडक्या पलंगांची होती, फार हलकी फिरणारी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जे घडलं, त्याला खरं म्हणजे कुणाचाच दोष नव्हता. आत्याबाई शहाण्यासारख्या आत गेल्या. जावईबुवा समोर तोबरा घेऊन उभे. मागे जरा जागा करावी म्हणून ते एक पाऊल उलटे सरकले. आत्याबाई तोबऱ्यामागे एक पाऊल पुढे आल्या. त्यांच्या छातीला अडसर लावलेली सागवानी दारं लागली, आणि दारांसकट, चौकटीसकट, सगळं गेट एक पाऊल पुढे आलं. जावईबुवा दचकून दोन पावलं मागे. गेट दोन पावलं पुढे. अंगणाचं फाटक उघडं होतं आणि बाहेर रस्त्याला उतार होता.

त्या सकाळी रस्त्यावरच्या लोकांनी हे पाहिलं: एक मध्यमवयीन गृहस्थ छातीशी पिशवी धरून उलटे चालताहेत, त्यांच्यामागोमाग एक दार चाललंय, ज्यावर ‘परवानगीशिवाय आत येऊ नये’ असं लिहिलंय, आणि दाराच्या आत एक घोडी शांतपणे जेवते आहे.

“बाजूला व्हा!” मोतद्दार मागून ओरडत होता. “साहेब, बाजूला व्हा, म्हणजे ती थांबेल!”

“पाठ करू?”

“करा की!”

“नाही जमायचं!”

प्राचार्य बाल्कनीत आले आणि म्हणाले, “ब्रेक लावा!” मागे एक बस अडकली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. आत्याबाईंनी ढुंकून पाहिलं नाही. तोबरा संपला तेव्हा मिरवणूक दातांच्या दवाखान्यापुढे थांबली. डॉक्टरीणबाई धावत बाहेर आल्या, मागोमाग अर्धं तोंड बधिर झालेला एक पेशंट. त्या घोडीकडे बघून म्हणाल्या, “बघा! म्हटलं नव्हतं? किती रमलीय.”

जावईबुवांची अब्रू रस्त्यावर सांडली होती, पण घोडी गेटात रमली होती, हे खरं होतं. त्या संध्याकाळी ते मान ताठ करून जेवायला बसले. पस्तिसाव्या दिवशी परीक्षा. आता आत्याबाई गेट दिसलं की स्वतःहून धावत जात. जावईबुवांनी कचेरीच्या मासिकाला पाठवायचा एक लेखही मनात जुळवायला घेतला.

मैदानावर त्या मंगळवारी तीन घोड्यांची परीक्षा होती. स्टार्टर, म्हणजे गेट उघडणारा अधिकारी, जाडजूड आणि कंटाळलेला होता. आत्याबाईंवर जॉकी बसली. पन्नास किलोच्या आतली मुलगी. फार बोलत नसे, कारण बोलल्याने भूक लागते असं तिचं म्हणणं. जावईबुवांची बायको शाळेतून अर्धी रजा घेऊन कठड्याशी उभी होती, कानाला फोन. फोनच्या दुसऱ्या टोकाला पलंगावर सासरेबुवा.

“बाबा, नेताहेत तिला,” ती सांगत होती. “बाबा, ती नेऊ देत नाहीये. अहो नाही, तीच नेतेय. मोतद्दारांना ओढतेय. गेली! आत गेली! आधी दुसऱ्याच्या खणात गेली, मग आपल्या. उभी आहे. अगदी पुतळा.”

स्टार्टर कागदावर वाकला आणि म्हणाला, “अशी आत जाणारी घोडी मी बावीस वर्षांत पाहिली नाही.” जावईबुवांनी नम्रपणे बुटांकडे पाहिलं.

दारं धाडकन उघडली. दोन घोडे सुटले. आत्याबाई उभ्या राहिल्या.

त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि खालचा ओठ जरा पुढे काढला. जॉकीने टाच मारली. आत्याबाईंनी मान मागे वळवून तिच्या बुटाचा वास घेतला. ह्या बाई वाढायला आल्यात की काय, असा तो भाव होता. पस्तीस दिवसांत त्यांनी घोडीला आत जायला शिकवलं होतं. बाहेर यायला शिकवायचं कुणाच्या टिपणातच नव्हतं.

“बाहेर काढा,” स्टार्टर म्हणाला.

मोतद्दाराने तोबरा दाखवला. आत्याबाई खुश झाल्या आणि आतूनच तोंड पुढे केलं. घेऊन आलात ना, मग इथेच द्या.

स्टार्टरने फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. “‘आत जात नाही’ असा रकाना आहे. ‘बाहेर येत नाही’ असा नाहीच.”

“म्हणजे नापास करता येत नाही,” जावईबुवा चटकन म्हणाले. आवाज कापत होता, पण मुद्दा पक्का होता. “तुमच्या नियमात ‘वाजवी वेळेत बाहेर पडावे’ असं आहे. वाजवी म्हणजे किती, ते कुठे लिहिलंय?”

स्टार्टरने त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. “तुम्ही कुठल्या खात्यात?”

“पाणीपुरवठा.”

“तरीच. पाच मिनिटं देतो. मग मी माझ्या मनाने रकाना काढीन.”

जावईबुवा कठड्याकडे वळले. बायको त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने फोन पुढे केला. “अहो,” ती म्हणाली, “बाबा म्हणताहेत, ह्यांना दे.”

“मला?”

“तुम्हाला.”

जावईबुवांनी फोन दोन्ही हातांनी धरला. “मामा?”

पलीकडून सासरेबुवा म्हणाले, “घाबरलाय का?”

“हो.”

“ती का तुम्ही?”

“मी. ती मजेत आहे.”

“मग ऐका. तोबऱ्याची वाट बघत नाहीये ती. तुमची बघतेय. रोज समोर उभं राहून तिच्या तोंडाकडे बघत बसलात. समोर तोंड करून उभा असलेला माणूस घोड्याला थांब म्हणत असतो. तुम्ही पंधरा-वीस दिवस तिला दिवसातून तीनदा थांब म्हणालात, आणि ती बिचारी थांबली. तिचं काही चुकलेलं नाही.”

“नाही. माझं चुकलंय.”

“ते नंतर. आता तिच्यासमोर जा. तिला दिसू द्या. मग पाठ फिरवा आणि चालू लागा.”

“पाठ?”

“पाठ.”

“आणि ती मागून आली तर?”

“अहो, त्यासाठीच चाललंय ना हे सगळं? जॉकी तिला बाजूने काढील. पोरगी चांगली आहे. तुम्ही फक्त सरळ चाला. वळून बघू नका. बघितलंत की संपलं.”

जावईबुवा मैदानात उतरले. गवत दवाने ओलं होतं, आणि त्यांचे बूट कचेरीचे होते. ते आत्याबाईंच्या समोर जाऊन उभे राहिले. घोडीने कान पुढे केले आणि नाकातून हलकेच फुरफुरली. ओळखीच्या माणसाला घरात बसल्याबसल्या हाक मारावी, तसं. जावईबुवांनी तिच्याकडे एकदा पोटभर बघून घेतलं. मग त्यांनी पाठ फिरवली.

एक पाऊल. दुसरं. मागे काही नाही. तिसऱ्या पावलाला त्यांना बादली आठवली, कोट आठवला, सव्वीस वर्षांत एकदाही परत न आलेला प्रत्येक कागद आठवला. पाचव्या पावलाला वाटलं, बघावं. मान अर्धा इंच वळलीही. मग खिडकीशी पडलेला म्हातारा आठवला, जो ह्या क्षणी कानाशी फोन धरून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकायचा प्रयत्न करत असेल, आणि मान पुन्हा सरळ झाली. आठ. नऊ. त्यांनी डोळे मिटून घेतले, कारण मागे बघायचं नसेल तर पुढे बघण्यातही काही अर्थ नव्हता.

मागून लोखंड वाजलं. मग जमीन वाजली. त्यांच्या डाव्या खांद्याजवळून एक मोठा, ऊनऊन, गवताच्या वासाचा वारा गेला, त्या वाऱ्यात जॉकीचा “हुर्रर्र!” होता, आणि ढेकळं होती, आणि त्यांतलं एक त्यांच्या चष्म्यावर बसलं. डोळे उघडले तेव्हा आत्याबाई मैदानाच्या अर्ध्यावर होत्या आणि आधी सुटलेल्या दोघांना शोधत होत्या.

जावईबुवा गवतात खाली बसले. पाय म्हणाले म्हणून बसले.

नियमाप्रमाणे हे दोनदा करावं लागतं. दुसऱ्या वेळी आत्याबाईंनी त्यांना तीन पावलांच्या पुढे जाऊ दिलं नाही. स्टार्टरने शिक्का मारला. फॉर्मवर ‘लागणारी विशेष साधने’ असा एक रकाना असतो. तिथे डोळ्यांची झापडं, कानटोपी असं काय काय लिहितात. स्टार्टरने बराच वेळ पेन हवेत धरलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘जावई, नग एक’.

“शर्यतीच्या दिवशी हे साधन चालणार नाही,” तो म्हणाला. “पंधरा दिवस आहेत. ही सवय सोडवा तिची.”

घरी आल्यावर बायकोने तो कागद वडिलांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला, घडी केली, उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. उठायचं नाव नाही. जावईबुवांना वाटलं, एवढं होऊनही म्हातारा जाग्यावरच. रजा पाच दिवस उरली होती. त्यांनी बायकोला काही बोलून दाखवलं नाही, पण रात्री जेवताना मीठ दोनदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला ते नेहमीप्रमाणे उठले, सवयीने खिडकीच्या खोलीत डोकावले, आणि पलंग रिकामा.

वॉकरही नव्हता.

ते तसेच सदऱ्यावर अंगणात धावले. नुकतं उजाडत होतं. सागवानी दारं सताड उघडी होती. आत्याबाई चौकटीत उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर, वॉकरला दोन्ही हातांनी धरून, पायजम्यावर कोट चढवलेले सासरेबुवा उभे होते. पाठ घोडीकडे. बराच वेळ उभे असावेत. दोन-तीन पावलं चालत, थांबत, पुन्हा चालत. घोडी ढिम्म हलत नव्हती. तबेल्याच्या दाराशी मोतद्दार उभा होता. त्याला जवळ यायला मनाई केलेली दिसत होती.

“मामा!” जावईबुवा म्हणाले. “अहो पडाल!”

सासरेबुवांनी मान वळवली. एकेचाळीस वर्षं घोडे तयार केलेला माणूस. चेहरा पार उतरला होता.

“येत नाही,” ते म्हणाले. “अर्धा तास झाला. माझ्यामागं येत नाही ती.” मग जरा दम घेऊन, “तुम्हीच या. पुढं व्हा.”

“आधी तुम्हाला धरतो.”

“मला काय धरताय? मी येतो मागून. घोडी बघा आधी.”

जावईबुवा पुढे झाले. आत्याबाईंनी कान उभारले. त्यांनी पाठ फिरवली आणि अंगणाच्या फाटकाकडे चालू लागले, सावकाश, अगदी सावकाश, एखाद्याला वॉकर उचलून पुढे ठेवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या बेताने. मागून नाल वाजले. मग ॲल्युमिनियम वाजलं. मग पुन्हा नाल.

वरच्या खिडकीत बायको येऊन उभी राहिली होती. तिने तोंडावर हात ठेवला होता. जावईबुवांना ती दिसत होती. मागचं काहीच दिसत नव्हतं.

“वळून बघू नका,” सासरेबुवा धापा टाकत म्हणाले.

“नाही बघत.”

“आणि रजा वाढवून घ्या.”